भीतीचे माहेर

भयपट संपून प्रेक्षागृहात दिवे लागतात, तो क्षण मला नेहमीच मोठ्या मौजेचा वाटत आला आहे. दोन तास ज्यांनी श्वास आवरून धरलेला असतो ती माणसे एकमेकांकडे पाहून हसू लागतात. कोणी विनाकारण खाकरतो, कोणी खुर्चीखाली सरकलेली चप्पल पायाने चाचपतो, तर कोणी 'काही दम नव्हता' असा अभिप्राय शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने देतो. आपण भ्यालो नव्हतो याची साक्ष ज्याला त्याला हवी असते. आणि साक्षीदारही त्याच अडचणीत असल्यामुळे ती चटकन मिळते. करुण नाटक पाहून डोळे पुसत बाहेर पडण्याची आपल्या सुशिक्षित समाजाला लाज वाटत नाही. उलट त्यात रसिकतेचा थोडासा मान आहे. भीतीला तो मान नाही. आपल्या साहित्यशास्त्राने भयानकाला रसांच्या पंगतीत पाट मांडून दिला खरा, पण वाढपी त्या पाटापर्यंत क्वचितच पोहोचतो. 'मॅक्बेथ'मधल्या चेटकिणी वर्गात आल्या की मुले हसतात, हा माझा पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव आहे. आणि ते हसणे बेफिकिरीचे नसते, हेही मला ठाऊक आहे.

दिवे लागल्यावर ज्यांनी आपल्याला भिवविले तीच माणसे समोर येऊन उभी राहिली तर काय होईल, याची कल्पना मात्र मी कधी केली नव्हती. तो योग मला मनिला येथे आला. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान बरीच वर्षे तेथे आहेत; ते आशियाई विकास बँकेत नोकरीस आहेत. सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो असता एका संध्याकाळी बहिणीने विचारले, "दादा, भुताचा सिनेमा बघशील का? नंतर दिग्दर्शक आणि नटी बोलणार आहेत." यजमानांनी हिशेबाची कामे पुढे केली, म्हणून आम्ही दोघेच निघालो.

प्रेक्षागृह लहान होते, आणि त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे इतके थंड केलेले होते की अंगावर काटा येण्यासाठी भुताची गरजच नव्हती. प्रेक्षकांत विद्यार्थी पुष्कळ. मध्येच काही प्रौढ स्त्रिया, आणि पुढच्या रांगेत काठी घेऊन बसलेली एक वृद्धा. बोलपट नव्या दमाच्या एका तरुणाचा, थोड्या पैशांत काढलेला होता. तो अजून फारसा कोठे दाखविला गेलेला नसल्यामुळे त्याचे किंवा त्याच्या कर्त्यांचे नाव येथे घेत नाही. भाषा टागालोग, खाली इंग्रजी अक्षरे. बेटावरचे एक खेडे. गावाच्या कडेला राहणारी एक विधवा सुईण. एका घरात मूल मेलेले जन्मते आणि गावाची नजर हळूहळू त्या सुइणीच्या झोपडीकडे वळते. पाऊण भागापर्यंत बाई खरीच कोण आहे याचा पत्ता दिग्दर्शक लागू देत नाही, आणि तेवढा भाग फार सुंदर आहे. बाईच्या अंगणात खेळणारी मुले एकेक करून येईनाशी होतात, विहिरीवर तिची घागर इतरांच्या घागरींपासून दूर सरकते, एवढ्यावरच तो आपल्याला घाबरवितो. शेवटच्या पावभागात मात्र ती केळीच्या बागेत जाते, कमरेपासून वरचे अंग सुटून पंख पसरते, आणि पुढे जो कल्लोळ होतो त्यात मला तरी रबराचा वास आला.

या भुताला तेथे 'मनानांगाल' म्हणतात. 'तांगाल' म्हणजे सुटणे, वेगळे होणे. त्यावरून हे नाव. दिवसा ती चारचौघींसारखी बाई असते. रात्री तिचे कमरेवरचे अर्धे शरीर वटवाघळाचे पंख फुटून उडून जाते, गवती छपरावर बसते, आणि दोऱ्यासारखी जीभ छपरातून खाली सोडून गर्भिणीच्या पोटातले मूल शोषून घेते. खालचे अर्धे अंग तोवर केळीच्या बागेत उभेच असते. तिला मारण्याचा उपाय तिच्याशी लढण्याचा नाही. ते उभे अंग शोधून त्यावर मीठ, राख किंवा ठेचलेला लसूण पसरावयाचा. पहाटे ती परत येते, अंग जुळत नाही, आणि सूर्य उगवतो. अशा सगळ्या भुतांना मिळून 'आस्वांग' असा एक मोघम शब्द आहे.

आपल्याकडच्या अळवंतिणीशी हिचे नाते जुळेल असे प्रथमदर्शनी वाटते. कारण दोघींचा रोख बाळंतिणीच्या खोलीकडेच. पण अळवंतीण ही बाळंतपणात मेलेली बाई. तिचे आयुष्य संपून ती भूत झालेली असते. तिला नारळ द्यावा, उतारा टाकावा, की प्रकरण मिटले. मनानांगाल जिवंत असते. ती सकाळी विहिरीवर येते, उसने मीठ मागते, शेजारच्या मुलाच्या गालाला हात लावते. मेलेल्या बाईला भिणे स्वस्त पडते. जिवंत शेजारणीला भ्याल्यावर तिचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न उरतोच. आणि जिवंत शेजारणीची भीती आपल्याला अगदीच परकी आहे, असे म्हणण्याची सोय नाही. अमुक मनुष्य करणी करतो असे भासवून त्याचे जगणे असह्य करणे हा गुन्हा आहे, असे महाराष्ट्रालाही २०१३ साली कायद्याने सांगावे लागले.

दिवे लागले आणि दोघे व्यासपीठावर आली. दिग्दर्शक चष्मा लावणारा, हडकुळा, बोलघेवडा तरुण. नटी इतकी ठेंगणी आणि साधी, की ती येऊन बसल्यावर टाळ्या पडण्यास जरासा उशीर झाला. पडद्यावर अर्ध्या आकाशाएवढी दिसलेली बाई ती हीच, हे लोकांच्या ध्यानी येण्यास वेळ लागला. पहिला प्रश्न एका विद्यार्थ्याने अपेक्षेप्रमाणे पंखांविषयी विचारला. दिग्दर्शकाने त्याचे उत्तर इतक्या आनंदाने आणि इतक्या विस्ताराने दिले, की उरलीसुरली भीतीही सभागृहातून निघून गेली. हिरवे कापड, तारा, दोन पाळीत काम करणारे यंत्रचालक! मुले वह्या काढून टिपून घेऊ लागली. जादूगाराने रुमालाची घडी उलगडून दाखविल्यावर जे होते ते झाले.

तेव्हा पुढच्या रांगेतली वृद्धा काठीच्या आधाराने उठली आणि तिने नटीला एकच प्रश्न विचारला. बहिणीने तो माझ्या कानात सांगितला: "वरचं अंग उडून गेल्यावर खाली जे उभं राहिलं होतं, तेही तूच होतीस का?"

लोक हसले. दिग्दर्शकही हसला. नटी हसली नाही. ती म्हणाली, की होय, ते पायही माझेच. केळीच्या बागेत तीन रात्री मी कमरेवर हिरवे कापड गुंडाळून उभी होते. त्या गावातली एक बाई आमच्या मंडळींसाठी स्वयंपाक करीत असे. पहिल्या रात्री तिने माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला आणि माझे केस पुसून दिले. दुसऱ्या रात्री तिने मला त्या वेषात पाहिले. तिसऱ्या दिवशी माझे ताट वाढून झाकून दूर एका बाकावर ठेवलेले होते. तुकडा मोठाच होता. निघावयाच्या दिवशी ती माझ्याकडे आली, हात जोडून म्हणाली, की बाई, तुम्ही चांगल्या आहात, हे सगळे खोटे आहे हेही मला कळते; पण मोटारीकडे जाताना आमच्या दारावरून जाऊ नका, माझ्या सुनेला दिवस गेले आहेत.

"मग कुठून गेलात?" वृद्धेने विचारले.

"शेतातून," नटी म्हणाली. मग थोडे थांबून तिने सांगितले, की मी मूळची कापिझची आहे. या वेळी सभागृह पुन्हा हसले, आणि हे हसणे मघाच्यापेक्षा मोठे होते.

कापिझ म्हणजे पनाय बेटावरचा एक प्रांत. आस्वांगांचे माहेर म्हणून तो साऱ्या फिलिपाइन्समध्ये प्रसिद्ध आहे. तिकडचा मनुष्य भेटला म्हणजे थट्टेने पोटावर हात धरण्याची तेथे रीत आहे, असे बहिणीने मला सांगितले. या कीर्तीचा उगम शोधण्याचा प्रयत्न वैद्यकानेही केला आहे. पनाय बेटावर, आणि विशेषेकरून कापिझमध्ये, 'लुबाग' नावाचा एक वंशपरंपरागत रोग आढळतो. त्यात मान, जीभ आणि अंग आपोआप पिळवटून जाते. डॉक्टर लिलियन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. रात्री दिव्याच्या उजेडात असा रोगी पाहून लोकांनी आस्वांगाची कथा रचली असावी, असा तर्क पुढे काहींनी लढविला. तर्क चतुर आहे. पण मला तो पटत नाही. हा रोग बहुतांशी पुरुषांना होतो. आस्वांग म्हणून बोट दाखविले जाते ते मात्र बहुधा बाईकडे, आणि त्यातही एकट्या राहणाऱ्या, वय झालेल्या, औषधपाणी जाणणाऱ्या बाईकडे.

या बाबतीत मला एका जुन्या कागदाने अधिक शिकविले. हुआन दे प्लासेन्सिया नावाच्या फ्रान्सिस्कन पंथाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५८९ साली टागालोग लोकांच्या चालीरीतींचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. त्यात सैतानाच्या पुजाऱ्यांची म्हणून त्याने एक यादी दिली आहे. यादीत पहिले नाव 'कातालोनान' यांचे. हे देवकार्य करणारे लोक. ते पुरुष असत किंवा स्त्रिया असत, आणि त्यांना समाजात प्रतिष्ठा होती, हे तो स्वतःच नमूद करतो. त्याच यादीत खाली उडणारा आणि माणसाचे मांस खाणारा 'ओसुआंग' येतो. देवापुढे बसणारी बाई आणि मांस खाणारे भूत या दोघांना त्या भल्या माणसाने एकाच सुतळीने बांधून टाकले. यातूनच पुढे स्पॅनिश अमदानीत जुन्या पुजारिणींच्या चेटकिणी झाल्या, असे तिकडचे अनेक विद्वान मानतात. पण मला खरी मौज वाटली ती ओसुआंगाच्या नोंदीच्या शेवटी असलेल्या दुरुस्तीची. हा प्रकार बिसाया बेटांतला आहे, टागालोग लोकांत तो नाही, असे प्लासेन्सिया सांगतो. पनाय हे बिसायांपैकीच एक. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वीही मनिलाकडचा मनुष्य हेच सांगत होता, की भूत आहे खरे. पण ते आमच्यातले नव्हे, पलीकडच्या बेटावरचे. पनायवर गेलात तर लोक कापिझकडे हात करतील. कापिझमध्ये गेलात तर डोंगराकडच्या एखाद्या वाडीकडे. आणि त्या वाडीत एक झोपडी असेलच.

ही सवय ज्याला ओळखता येते त्याच्या हाती मोठे शस्त्र येते. १९५० नंतरच्या काही वर्षांत फिलिपाइन्समध्ये हुक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतकरी बंडखोरांविरुद्ध मोहीम चालू होती. एडवर्ड लॅन्सडेल हा अमेरिकन अधिकारी तेथील सरकारचा सल्लागार होता. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्याने एक हकीकत सांगितली आहे. एका टेकडीवर बंडखोरांचा तळ होता. तेथे आस्वांग राहतो अशी अफवा प्रथम पसरविण्यात आली. मग रात्री टेहळणीला निघालेल्या तुकडीतला शेवटचा मनुष्य गुपचूप उचलला, त्याच्या मानेला दोन छिद्रे पाडली, पाय वर करून त्याचे रक्त गाळले आणि प्रेत पुन्हा वाटेवर आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी बंडखोरांनी टेकडी सोडली. लॅन्सडेल हे काहीशा अभिमानाने सांगतो. आजीच्या गोष्टीतल्या भुताने जेवढी माणसे मारली नसतील तेवढी त्याच्या नावावर माणसांनी मारली, असे म्हणण्यास हरकत नाही. छिद्रे पाडणारे हात कोणाचे, हे मात्र त्या टेकडीवरच्या कोणाला विचारावेसे वाटले नाही.

फिलिपिनो भयपटांपैकी मला सर्वांत थोर वाटणारा बोलपट या सवयीच्या अगदी उलट जातो. १९७६ सालचा 'इतिम', म्हणजे 'काळा', हा माइक दे लिऑन यांचा पहिला मोठा चित्रपट. हे गृहस्थ एल.व्ही.एन. या जुन्या चित्रसंस्थेच्या संस्थापिका नार्सिसा दे लिऑन यांचे नातू. काम केले तेव्हा तिशीही न गाठलेले. नायिका चारो सांतोस. वय वीस-एकवीस, आणि पडद्यावर ही पहिलीच खेप. ईस्टरपूर्वीचा पवित्र आठवडा चालू आहे. एक तरुण छायाचित्रकार शहरातून आपल्या गावच्या जुन्या घरी येतो. तेथे त्याचे वडील, एकेकाळचे प्रतिष्ठित डॉक्टर, अंग लुळे पडून खुर्चीला खिळलेले आहेत. गावात त्याला एक मुलगी भेटते, जिची थोरली बहीण पूर्वी नाहीशी झाली आहे. या चित्रात पंख नाहीत, रक्त फारसे नाही. मेलेली बहीण हळूहळू धाकटीच्या अंगात येऊ लागते, आणि शेवटी तिच्या तोंडाने बोलते, इतकेच. ती जे बोलते त्याचा रोख परक्या बेटाकडे नसतो; त्याच घरातल्या त्या खुर्चीकडे असतो. भूत येथे गुन्हेगार नसून साक्षीदार आहे. २०२२ साली या चित्राची नवी दुरुस्त प्रत कान येथे दाखविण्यात आली, म्हणून ते आज माझ्यासारख्याला पाहता येते.

याच दिग्दर्शकाने याच नटीला घेऊन १९८१ साली 'किसापमाता' काढला. त्यात भूत मुळीच नाही. निवृत्त पोलीस असलेला एक बाप आहे, आणि आपल्या विवाहित मुलीला तो घराबाहेर जाऊ देत नाही. १९६१ साली मनिलाकडे खरोखर घडलेल्या एका हत्याकांडावर निक होआकिन यांनी लिहिलेल्या लेखाचा त्याला आधार आहे. मार्कोस यांची राजवट तेव्हा चालू होती; लष्करी कायदा कागदावरून नुकताच उठला होता. दाराला कडी घालणारा तो बाप कोण, हे तेथील प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. माइक दे लिऑन २०२५ साली वारले. चारो सांतोस पुढे एका मोठ्या दूरचित्रवाणी संस्थेच्या प्रमुख झाल्या, आणि २०१६ साली व्हेनिस येथे सुवर्णसिंह मिळविणाऱ्या लाव्ह दियास यांच्या चित्रपटात पुन्हा नायिका म्हणून उभ्या राहिल्या.

त्या रात्री परतताना मी हे सारे बहिणीला सांगत होतो. मनिलाच्या रस्त्यावर मोटार चालते कमी आणि उभी राहते जास्त. त्यामुळे प्राध्यापकाला व्याख्यान देण्यास ते शहर फार सोयीचे आहे. तिने माझे ऐकून घेतले. मग बाहेर पाहत म्हणाली, "मला त्या स्वयंपाकिणीचा राग नाही आला, दादा. ताट वाढलं होतं ना तिनं. तुकडासुद्धा मोठा." काही वेळ ती बोलली नाही. पुढची मोटार हलली, आमचीही हलली. "मावशीच्या सुनेचं डोहाळजेवण आठवतं तुला? मी तेव्हा दोन महिने पुण्यातच होते. मावशीनं मला आदल्या दिवशी बोलावलं होतं. एकटीला. सगळं केलं होतं तिनं, अळूची भाजी, जिलबी, साडीसुद्धा दिली. म्हणाली, उद्या फार गर्दी असते गं, तुझ्याशी बोलणं व्हायचं नाही."

माझ्या बहिणीला मूल नाही. आमची मावशी दोन विषयांत पदवी घेतलेली, मोठी वाचक, मायाळू बाई होती. तिने आयुष्यात कोणाला वाकडा शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. मी माझे व्याख्यान तेथेच थांबविले. मोटारीत बराच वेळ वारा सोडणाऱ्या यंत्राचा तेवढा आवाज होता.

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी घरी नेण्यासाठी काहीतरी घ्यावे म्हणून आम्ही बाजारात गेलो. तेथे पातळ, दुधी, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे दिवे फार सुंदर मिळतात. जुन्या फिलिपिनो घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हेच शिंपले बसवीत; आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांनाही हाच शिंपला आहे. त्यातून उजेड आत येतो, पण बाहेर कोण उभे आहे ते दिसत नाही. या शिंपल्याला तेथे नावच 'कापिझ' असे आहे. दुकानदाराने एक दिवा पेटवून आमच्यापुढे धरला. तो खरोखरच कापिझहून आला आहे का, असे मी सहज विचारले, तेव्हा त्याने लगबगीने हात हलविले. "नाही, नाही, साहेब. नुसते नाव. माल दुसरीकडचा. अगदी निर्धास्त न्या."

बहिणीने तो दिवा त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "कापिझचा असेल तर दाखवा."